भिजत घातलेली बोट

अकोला,
१२ फेब्रुवारी २०२५

ती. मोठे बाबांस,
आकांक्षाचा शि. सा. न. वि. वि.

मोठी आई फोनवर तुमची खुशाली सांगते, पण तिच्या सांगण्यात तुमचा खोकला आणि तुमचा हट्ट एवढंच येतं. कानाचं यंत्र तुम्ही कपाटात ठेवून दिलंय, असंही कळलं. म्हणून पत्र. अकोल्याहून अमरावतीला एसटी दोन-अडीच तासांत पोचते आणि पत्र तीन दिवसांनी, तरी तुमच्याशी निवांत बोलायचं तर हाच मार्ग उरलाय.

बातमी अशी, की मी एक बोट घेतली आहे. हसू नका. आपल्या पारडीच्या धरणावर मागे एका ठेकेदाराने पर्यटन केंद्र काढलं होतं, ते बंद पडलं तेव्हा त्याची मोठी मोटारबोट शेडमध्येच राहिली. अठ्ठावीस फूट लांब, पुढे चालवणाऱ्याची जागा, मागे बाक, आणि मधोमध केबिन. केबिनमध्ये झोपायच्या दोन फळ्या आणि चहापुरता ओटा. इंजिन गंजून जाम आहे, वायरी उंदरांनी खाल्ल्या आहेत, खिडक्यांची रबरं हाताला चिकटतात. पण सांगाडा सरळ आहे. बाहेरून जाड रंग आहे, फायबरची असावी.

ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमध्ये नऊ वर्षं काढली. तिथून जूनअखेरपर्यंत बिनपगारी रजा घेतली आहे. तेवढ्यात बोट दुरुस्त करून तपासणीत पास करायची आणि धरणावर पक्षी बघायला येणाऱ्यांना फिरवायचं, असा बेत आहे. माझ्या सख्ख्या भावाला, अमोलदादाला, तो अजिबात पटलेला नाही. मूर्तिजापूर रोडवरच्या एका ढाबेवाल्याने त्याच्याकडे बोट मागितली आहे. ढाब्यासमोर उभी करून तिच्यात टेबलं मांडणार म्हणे. शेड ज्या वावरात आहे ते दादाचं, त्यामुळे त्याने मला अट घातली आहे: पावसाळ्याआधी पास झाली तर तुझी, नाही तर ढाब्याची.

बाबा नेहमी सांगत, आपल्या थोरल्या भावाने एकतीस वर्षं पाटबंधारे खात्याची लॉंच सांभाळली. आपल्या अख्ख्या नात्यात पाण्यावरचं इंजिन माहीत असलेला माणूस एकच आहे. एकदा येऊन बघाल का?

उत्तराची वाट पाहते. माझ्यावरचा जीव कमी होऊ देऊ नका.

तुमची,
आकांक्षा


अमरावती,
१९ फेब्रुवारी २०२५

चि. आकांक्षास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझ्या मोठ्या आईने ते माझ्याआधी वाचलं आणि म्हणाली, पोरगी तुमच्यावर गेली, आता तिले कोनी सोयरा भेटत नाई. मी म्हटलं, भेटेल, पण पोहता येणारा पाहा.

येण्याचं म्हणशील तर येणार नाही. तुला ठाऊक नसेल, म्हणून एकदाच लिहितो. माझी लॉंच निकामी ठरवली त्या दिवशी गॅस कटरने तिचे तीन तुकडे केले आणि भंगार नेल्याच्या कागदावर सही माझी घेतली. तेव्हापासून मी पाण्यावर पाय ठेवलेला नाही. ठेवायचाही नाही. पत्रातून विचारशील ते सांगीन.

कामाचं आता. जाम झालेल्या इंजिनाच्या नादी लागू नकोस. तीन सिलिंडरचं जुनं ट्रॅक्टरचं इंजिन चांगल्या अवस्थेत मिळालं तर ते बसव. त्याचा स्वभाव तुला माहीत आहे. रेडिएटर लागणार नाही, धरणाचं पाणी पंपाने घेऊन फिरवायचं आणि बाहेर सोडायचं. मात्र आत घेताना गाळणी लाव, आपल्या काळ्या मातीचा गाळ लोण्यासारखा मऊ असतो आणि सगळीकडे शिरतो.

बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा जिथे बोटीतून बाहेर पडतो तिथे चरबीत भिजवलेली दोरी भरलेली असते. तिथून मिनिटाला दोन-तीन थेंब पाणी आत आलंच पाहिजे. गळतंय म्हणून अमोल पाना घेऊन धावेल. त्याला आवळू देऊ नकोस, दांडा जळेल.

एक नोंदवही कर. रोज काय केलं ते लिही आणि चुकलं असेल तेही लिही. खात्यात मी हेच केलं.

तुझ्या आईला नमस्कार सांग. कागदावर भेटत राहा.

तुझा,
खुशालराव


अकोला,
१६ मार्च २०२५

ती. मोठे बाबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र केबिनच्या दारावर आतून चिकटवलं आहे. सहदेव सुतार येता-जाता ते वाचतो. आपल्याकडच्या बैलगाड्या बनवायचा तोच हा सहदेव, आता गाड्याच नाहीत म्हणून दारं-चौकटी करतो. केबिनची कुजलेली फळी त्याने अशी बदलली, की जोड शोधावा लागतो.

इंजिन अंजनगाव सुर्जीला मिळालं. संत्र्याच्या बागेत पडून होतं. दोन दिवसांत उघडून धुऊन पुन्हा जुळवलं. वायरी सगळ्या नव्या टाकल्या, छतावर सौर पॅनेल बसवले, खाली पाणी उपसायचा पंप बसवला. आई रोज डबा घेऊन येते आणि बोटीकडे पाठ करून बसते. म्हणते, एवढ्या मेहनतीत दोन खोल्या झाल्या असत्या.

आता नवं. काल तळाचा रंग खरवडला. एकावर एक सात थर निघाले आणि खाली फायबर नाहीच, लाकूड आहे. सागाच्या लांब फळ्या, शेजारी शेजारी लावलेल्या, तांब्याच्या खिळ्यांनी ठोकलेल्या. सहदेवने एकेका खिळ्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, हे काम समुद्राकडच्या मानसाचं हाये.

तळाला नवा रंग द्यायचा आहे. त्याआधी किती दिवस सुकवू? तुम्ही म्हणाल तसं करते.

लोभ असू द्या, येत नसलात तरी.

आकांक्षा


अमरावती,
२२ मार्च २०२५

चि. आकांक्षास,
अ. आ.

लाकूड निघालं हे ऐकून बरं वाटलं. पण रंगाचा नियम एकच. मी दरवर्षी लॉंच वर ओढून चैत्र-वैशाखाच्या उन्हात दीड-दोन महिने ठणठणीत वाळवत असे. ओल राहिली की रंगाला फोड येतात आणि पावसाळ्यात पापुद्रे निघतात. एकतीस वर्षांत माझ्या लॉंचचा रंग एकदाही उडाला नाही. वरच्या अधिकाऱ्याने एकदा चाळीस लोकांसमोर तसं म्हटलं होतं. तुझ्या मोठ्या आईने हे इतक्या वेळा ऐकलंय, की आता मी तोंड उघडलं की ती वाक्य पुरं करते.

तेव्हा घाई करू नकोस. शेडमधून काढ, खाली ठोकळे दे, उघड्या उन्हात ठेव. मे महिन्यापर्यंत टाचणी टोचली तर टणक वाजली पाहिजे. मग रंग.

इंजिन चालू केलंस की आवाज कसा येतो ते लिही. मला ऐकू येत नाही म्हणून काय झालं, वाचता येतो.

खुशालराव


पारडी,
८ मे २०२५

ती. मोठे बाबांस,
सा. न. वि. वि.

अकोल्यात चव्वेचाळीसच्या वर पारा गेलाय. तुमचं वाळवायचं पत्रही दारावर पहिल्याशेजारी लावलंय आणि बोट चाळीसेक दिवस उन्हात आहे. टाचणी टोचली की वाकते. कालच रंगाचा शेवटचा हात दिला, तळाला तांबडा आणि वर पांढरा. आईने पहिल्यांदा तोंड बोटीकडे करून डबा खाल्ला.

इंजिन सुरू केलं. आवाज लिहिते: धड धड धड, धड धड धड, मग मध्येच धड धड फुस. दर दहा-बारा ठोक्यांनी एकदा. धूर पांढरा, फार नाही. सगळे म्हणतात चांगलं चाललंय. मला ते फुस झोपू देत नाही.

तपासणीची तारीख मिळाली, नऊ जून. ही चुकली तर पुढची दिवाळीनंतर. दादाने मात्र ढाबेवाल्याला जूनचाच शब्द देऊन ठेवलाय. वीस मेला बोट पाण्यात सोडायची आहे. त्या दिवशी तरी?

आकांक्षा


अमरावती,
१३ मे २०२५

चि. आकांक्षास,
अ. आ.

तिसऱ्या सिलिंडरचं, डिझेल फवारणारं नोझल काढून पाहा. थेंब टाकत असेल. हे तिसरं का, असं विचारू नकोस, तू जिथे फुस लिहिलंस तिथेच ते येतं.

वीस तारखेला येत नाही. नारळ माझ्या वतीने तुझ्या आईने फोडावा. बोट पाण्यात गेली की लगेच कळव. मी दुपारी पोस्टमनच्या वेळेला ओसरीतच असतो.

खुशालराव


पारडी,
२४ मे

ती. भाऊजींच्या चरणी,
सुभद्राचा दंडवत.

मी कदी तुमाले पत्र लिवलं नाई. सातवीपर्यंतचं अक्षर हाये, सांभाळून घ्या. पोरगी लिवत नाई म्हनून मी लिवून राहिली. तुमी ओसरीत वाट पाहून राहिले असान.

वीस तारखेले बोट पान्यात सोडली. गावातली शंभर मानसं आली. नारळ मी फोडला, तुमचं नाव घेऊन. बोट पान्यात गेली आन् पाचव्या मिनिटाले आतून पानी दिसलं. फळीफळीतून. पंप चालू होता, दोघं-तिघं बादलीनं उपसत होते, तरी बाकापर्यंत चढलं. दोन ट्रॅक्टर लावून वढून काढली. बरं झालं इंजिन वाचलं. पुढारी लोकं मोबाईलवर फोटो काढत होते. अमोल म्हनाला, ढाब्यावर तरी कोरडी राहीन. त्याले मी तिथंच बोलली.

फळ्यायच्या मंधात करंगळी जाईन एवढ्या फटी पडल्या हायेत. वरचा रंग लय छान हाये.

आकांक्षाले विचारलं, मोठ्या बाबांले कळवलं का, तं म्हनते काय कळवू. मले समजलं. तुमी वाळवा म्हनले म्हनून तिनं वाळवली, आन् तुमाले वाईट वाटू नये म्हनून ती गप बसली. आता ती अकोल्याहून कसलं तरी रसायन आननार हाये. त्यानं सगळ्या फटी दगडावानी बुजवून टाकतो म्हनते.

भाऊजी, मी शेतकऱ्याची लेक हाये, बोटीतलं मले काई समजत नाई. पन उन्हाळ्यात बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव ढिली पडे तवा काय करत होते? तुमी आन् आकांक्षाचे बाबा चाकं नाल्यात नेऊन टाकत. हे तेच मले सांगत. दोन दिवसात लाकूड फुगे आन् धाव अशी घट्ट बसे का हातोडीनं निघत नोती. मंग बोटीच्या लाकडाले काहून तसं नाई? सहदेवले विचारलं तं तो म्हने, बाई, माह्याबी मनात तेच हाये, पन साहेबाच्या पत्राच्या वर मी कसा बोलू?

तुमचं ते वाळवायचं पत्र दाराले चिकटून हाये. ते काढा तरी, नाई तं दुसरं द्या.

मोठ्या मानसाले लहान तोंडानं बोलली, पोटात घाला.

सुभद्रा


अमरावती,
२७ मे २०२५

चि. आकांक्षास,
अ. आ.

तुझ्या आईचं पत्र आज आलं. आधी कामाचं. ते रसायन फटींत भरू नकोस. भरलं असशील तर ओलं आहे तोवर काढून टाक. आज लाकूड आकसलेलं आहे. फटीत दगडासारखं काही भरलंस, तर उद्या लाकूड फुगेल, त्याला जागा मिळणार नाही, आणि फळ्या खिळ्यांसकट उपटून येतील. मग मात्र ती ढाब्याचीच.

फटींत कापूस भरायचा. सरकी काढलेला, मऊ, तेलात भिजवलेला, वातीसारखा वळून. ठासून नाही, हलक्या हाताने. तुझ्या आईला देवासाठी वाती वळायची सवय आहे, तिने हातभर लांबीच्या वळाव्यात. मग आतून-बाहेरून गोणपाट लावायचे आणि दिवसातून सहा वेळा भिजवायचे. आठवड्याने बोट काठाशी कमरेइतक्या पाण्यात सोडायची, पंप चालू ठेवायचा आणि आतलं पाणी खडूने मोजत राहायचं. ते रोज कमी होत गेलं पाहिजे.

आता चुकीचं. तू मला स्पष्ट लिहिलं होतंस, की लाकूड आहे. मी वाचलंही. माझी लॉंच लोखंडी पत्र्याची होती. तिला वाळवण्याने काही होत नसे. लाकडाच्या बोटीचा मला एक दिवसाचाही अनुभव नव्हता, आणि तसं लिहायला एक ओळ पुरली असती. त्याऐवजी मी अधिकाऱ्याचं चाळीस लोकांसमोरचं वाक्य लिहिलं. चाकं नाल्यात टाकणारा मुलगा मीच होतो. तुझ्या बाबाला पोहता येत नसे, तो काठावरून चाक ढकलायचा आणि मी आत उभा राहून धरायचो. पासष्ट वर्षांपूर्वी जे येत होतं ते मी एका शाबासकीखाली विसरलो.

तू मला कळवलं नाहीस याचा राग नाही. पण पुढे असं करू नकोस. ज्याने चूक केली त्याला ती सर्वांत आधी कळली पाहिजे.

ते वाळवायचं पत्र दारावरून काढ आणि नोंदवहीत चिकटव. खाली लिही: खुशालरावांचा सल्ला, चुकीचा. बोट लाकडाची आहे, उन्हात वाळवू नये.

तुझा,
खुशालराव

ता. क. हे पत्र टाकायला पेटीपर्यंत गेलो. हात आत घातला आणि हिशेब केला, की हे तीस तारखेला पोचेल, आणि रसायन त्याआधी. तुझ्या मोठ्या आईला फोन लावायला सांगता आलं असतं, पण माझी चूक दुसऱ्याच्या तोंडून कळवायची नव्हती. पेटीपासून एसटी स्टँड दहा मिनिटांवर आहे. मूर्तिजापूरला गाडी थांबली आहे, ही ओळ तिथे लिहितो आहे. पत्र हातातच देईन, कारण तोंडाने हे सगळं मला बोलता येणार नाही. मात्र आधीच सांगून ठेवतो, जमिनीवर लागेल ते करीन. बोटीवर चढणार नाही.


अकोला,
११ जून २०२५

ती. मोठे बाबांस,
आकांक्षाचा शि. सा. न. वि. वि.

रसायनाचा डबा उघडण्याआधी तुम्ही पोचलात, दहा-अकरा दिवस राहिलात आणि तपासणीच्या दोन दिवस आधी निघून गेलात. माझी छाती आता हे बघण्याएवढी राहिली नाही, म्हणालात आणि एसटीत बसलात. म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

तुम्ही काठावरून मला खडूची शेवटची रेघ ओढायला सांगितलीत तेव्हा रात्रभरात चार बोटं पाणी येत होतं. आठ तारखेच्या सकाळी बोटभरच. नऊला मी खाली उतरले तर तळ नुसता दमट होता, आणि दांड्याच्या दोरीतून मिनिटाला तीन थेंब पडत होते. तेवढेच. आईला हाक मारून दाखवलं. तिने हात लावून पाहिला आणि म्हणाली, बसली धाव.

तपासनीस साडेदहाला आले. बारा माणसांच्या वजनाची परीक्षा माणसांवर घेत नाहीत, म्हणून ज्या गोण्या तुम्ही आठवडाभर भिजवल्यात त्यांतच माती भरली आणि बाकांवर बसवल्या. आईने एका गोणीला तुमचं नाव दिलं, कारण तीही हलत नव्हती. बोट गोण्या घेऊन धरणाच्या भिंतीपर्यंत गेली, वळली, परत आली. अमोलदादा लाइफ जॅकेट घालून मागच्या बाकावर दोन्ही हातांनी कठडा धरून बसला होता. परत आल्यावर त्याने कोणाला न सांगता ढाबेवाल्याला फोन लावला आणि सांगितलं, भाऊ, दुसरं काई पाहा, ही तरंगते.

मग तपासनिसांनी नोंदवही मागितली. तुमचं पत्र आणि त्याखालची ओळ त्यांनी दोनदा वाचली. हे खुशालराव कोण, म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पत्राची घडी पुन्हा नीट घातली.

बोट पास आहे, मोठे बाबा. पण एका अटीवर, आणि ती अट ऐकून तुम्ही रागावाल. माझा परवाना नवा आहे. पहिला हंगाम इंजिन-ड्रायव्हरचा जुना दाखला असलेला माणूस माझ्यासोबत बोटीवर हवा. काठावर नव्हे, बोटीवर. सोळा जूनपर्यंत त्याचं नाव द्यायचं आहे, नाही तर परवानगी थेट दिवाळीनंतर. मी तुम्हाला न विचारता तुमचं नाव लिहिलेलं नाही. रकाना कोरा ठेवला आहे. शेगावचे एक गृहस्थ आहेत, त्यांना विचारता येईल.

तुम्ही काठावरून गोण्या भिजवत होतात तेव्हा मी पाहत होते. बोट पाण्यात गेली त्या दिवशी तुम्ही हात लांब करून तिच्या कडेला लावलात आणि लगेच काढून घेतलात. मी काही विचारलं नाही. आत्ताही विचारत नाही.

इंजिनाचा आवाज लिहिते. नोझल बदललं, तरी: धड धड धड, धड धड धड, धड धड... आणि मग अगदी हलकं काहीतरी. ते फुस नाही. मला लिहिता येत नाही. पहिल्यांदाच लिहिता येत नाही.

मोठ्या आईला नमस्कार. काहीही ठरवलंत तरी माझी जागा होती तिथेच असू द्या.

तुमची,
आकांक्षा


अमरावती,
१३ जून २०२५

चि. आकांक्षास,
अ. आ.

तुझं पत्र यावेळी दोन दिवसांत आलं. पोस्ट खात्यालाही घाई झालेली दिसते.

पत्र वाचून जुन्या कागदांची पेटी उघडली. दाखला तळाशी होता, लॉंचच्या फोटोखाली. फोटो बाहेर काढला, तुझ्या मोठ्या आईला दाखवला. ती म्हणाली, हे लोखंड गेलं ते गेलं, पोरीचं लाकूड तं जित्तं हाये. मग विचारून राहिली, का भाजी कोरडी देऊ का रस्स्याची. मी अजून काही ठरवलं नव्हतं, पण तिने डबा घासायला घेतला होता.

कोरा रकाना भर. नाव पूर्ण लिही, खुशालराव महादेवराव, आणि दाखल्याचा क्रमांक सोबतच्या चिठ्ठीवर आहे. शेगावच्या गृहस्थांना त्रास देऊ नकोस. सोमवारी मुदत संपण्याआधी मूळ दाखला घेऊन पहिल्या गाडीने येतो. केबिनमधली खिडकीकडची फळी माझी. सुभद्रेला सांग, माझ्या नावाची गोणी रिकामी करून ठेव.

तुला जो आवाज लिहिता येत नाही, तो बहुधा पाण्याच्या पंपाचा पट्टा असेल, किंवा नसेल. यावेळी पाहिल्याशिवाय सांगणार नाही. मी बोटीवर चढेपर्यंत इंजिन सुरू करू नकोस. मला ऐकू येणार नाही, पण पहिला ठोका पडेल तेव्हा माझा तळवा इंजिनाच्या झाकणावर असला पाहिजे.

चढताना हात दे. गुडघ्यांसाठी म्हणतोय.

तुझा,
खुशालराव